आकडा जुळला, तारीख जुळली का?

मागच्या अंकात डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या फेरीबद्दल लिहिलं होतं. त्यात ओघात एक वाक्य येऊन गेलं: अंगावर ‘एसएस’चा, म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’ या जास्त ताकदीच्या आवृत्तीचा, बिल्ला लावून फिरणारी प्रत्येक शेव्हरोले कारखान्यातून ‘एसएस’ म्हणूनच निघाली असेल असं नाही. त्या वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. सूर एकच. “काका, मग ओळखायचं कसं?”

मी मूळचा कोल्हापूरचा. पहिली नोकरी शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत केली आणि पुढची सगळी वर्षं मिशिगनमध्ये इंजिनांचे ओतीव भाग तपासण्यात गेली. त्यामुळे गाडी दिसली की लोक रंग बघतात, मी बॉनेट उघडायला सांगतो. उत्तरंही त्याच बेताची आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न (नेपरविल, इलिनॉय): १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ (४५४ घनइंचांच्या इंजिनाची) बघून ठेवली आहे. विकणारा ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतो, म्हणजे कारखान्यात बसवलेलं मूळ इंजिनच गाडीत आहे. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १३६३७० ने सुरू होतो. इंजिनावर ठोकलेल्या नंबरातले शेवटचे सहा आकडे व्हीआयएनशी तंतोतंत जुळतात. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, ओतताना उमटलेली उठावाची तारीख ‘डी ८ ०’ आहे आणि फायरवॉलवरच्या (इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) पाटीवर ‘०३सी’. फोटो सोबत आहेत. बयाणा देऊ का?

उत्तर: थांबा. या दाव्यावर आणि या भावाला तरी देऊ नका.

आधी व्हीआयएन बघू. १ म्हणजे शेव्हरोले, ३६ म्हणजे आठ सिलिंडरची मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची स्पोर्ट कूप, शेवटचं ० म्हणजे १९७०. यात ‘एसएस’ कुठे आहे? कुठेच नाही. १९६६ ते १९६८ या काळात एसएस ३९६ ची स्वतंत्र मालिका होती, व्हीआयएन १३८ ने सुरू व्हायचा आणि गाडी खरी की नटवलेली हे नुसत्या व्हीआयएनवरून कळायचं. १९६९ पासून एसएस हा नुसता पर्याय झाला. १९७० ला ३९६ साठी झेड२५ आणि ४५४ साठी झेड१५ असे त्याचे कोड होते, पण ते व्हीआयएनमध्ये उतरत नाहीत. म्हणून साधी मालिबू घ्यायची, बॉनेटवर दोन पट्टे मारायचे, बिल्ले लावायचे आणि किंमत वाढवायची हा उद्योग इतका सोपा आहे. पाँटियाक जीटीओच्या १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांचीही हीच कथा. त्या वेळी जीटीओ हा लेमान्सवरचा पर्याय होता. पण पाँटियाकवाल्यांचं नशीब चांगलं. त्यांच्या कारखान्याच्या नोंदी टिकल्या आणि ‘पीएचएस’ या संस्थेकडे पैसे भरले की तुमच्या गाडीचं मूळ बिल हातात येतं. अमेरिकेत विकलेल्या शेव्हेल-कॅमारोंसाठी अशी सोय नाही. कॅनडात विकली गेलेली असेल, तर शेव्हरोलेची मालक कंपनी जीएम (जनरल मोटर्स), तिच्या कॅनडातल्या शाखेकडून कागद मिळू शकतो.

आता तुमच्या फोटोंमधली गंमत. पाटीवरचं ‘०३सी’ म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. बॉडी तेव्हाची. ब्लॉकवरचं ‘डी ८ ०’ म्हणजे ८ एप्रिल, साल शून्याने संपणारं. शेव्हरोलेच्या ओतकामात महिन्याला अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. तर एप्रिलच्या आठव्या दिवशी ज्या ब्लॉकचं बीड अजून वितळलेलं होतं, तो ब्लॉक मार्चमध्ये तयार झालेल्या गाडीत बसला कसा? ओतल्यावर तो थंड होणार, त्याचं मशीनिंग होणार, न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात इंजिन जुळणार आणि मग रेल्वेने गाडीच्या कारखान्यात जाणार. बॉडीची तारीख आणि गाडी बाहेर पडायची तारीख यांत थोडं मागेपुढे होतं, हे मान्य. पण इथे सगळीच उलटी गंगा आहे. विकणारा कदाचित १९७० च्या संपाची सबब सांगेल. संप झाला होता, मोठा झाला होता, पण तो सप्टेंबरात सुरू झाला. मार्चमधल्या गाडीशी त्याचा संबंध नाही.

आता खरी गोष्ट लक्षात घ्या. ब्लॉक गाडीच्या नंतरचा आहे आणि तरी त्यावर तुमच्याच गाडीचा नंबर आहे. म्हणजे तो नंबर कारखान्याने ठोकलेला नाही. कोणीतरी दुसरा ब्लॉक आणला, जुना ठसा घासून काढला आणि नवा मारला. नंबर जुळत नसता, तर मी म्हणालो असतो की इंजिन कधीतरी बदललंय, भाव पाडून घ्या आणि मजेत चालवा. जुळणाऱ्या नंबराने विकणाऱ्याचं काम बिघडवलं. नंबर त्यानेच मारला असं माझं म्हणणं नाही, त्यालाही कोणीतरी असाच गळ्यात मारला असेल. पण हा माणूस बाकी जे जे सांगेल, ते तपासल्याशिवाय धरू नका.

गाडी मुळात एसएस होती का, हा प्रश्न इंजिनापेक्षा वेगळा. त्यासाठी खाली वाका. मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजा, बारा हवेत. मागचे खालचे कंट्रोल आर्म चारी बाजूंनी बंद पेटीसारखे हवेत, साध्या मालिबूला ते खालून उघडे असतात. पुढे डिस्क ब्रेक हवेत. डॅशबोर्डवर गोल मीटर हवेत, साध्या गाडीत आडवी पट्टी येते. यातली प्रत्येक वस्तू बाजारात सुटी मिळते, त्यामुळे एकेकाला पुरावा म्हणू नका. चारही आहेत, चौघांवर सारखाच गंज आणि सारखीच धूळ आहे, नटांवर पान्याचे ताजे ओरखडे नाहीत, तर विचार करायला जागा आहे. खरा आधार कागदाचा: पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला बिल्डशीट (या गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी), किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत अडकवलेली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ नावाची छोटी धातूची पट्टी. यांपैकी काहीच नसेल, तर एसएसचे पैसे मोजू नका.

आणि हो, व्हीआयएनची पट्टी ज्या दोन रिव्हेटांनी डॅशला बसवली आहे ते बघा. त्यांचं डोकं सहा पाकळ्यांच्या फुलासारखं दिसायला हवं. साधे पॉप रिव्हेट दिसले तर विषय भागांचा राहत नाही, पोलिसांचा होतो. व्हीआयएनशी खेळणं हा या देशात फेडरल गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्त झाली तर निरपराध मालकाचेही पैसे बुडतात.

प्रश्न (पुणे): मी मेटलर्जीचा विद्यार्थी. अशा जुन्या अमेरिकन गाड्या मी प्रत्यक्षात कधी पाहिलेल्या नाहीत, फक्त इंटरनेटवर. इंजिन ब्लॉकवरचे काही आकडे उठावाचे आणि काही खोलगट का असतात? खोटा आकडा नुसत्या डोळ्यांनी कळतो का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून जीव सुखावला. बाकीचे सगळे किंमत विचारतात.

उठावाचे आकडे फाउंड्रीतले. कास्टिंग नंबर पॅटर्नवरच (वाळूत साचा उठवायच्या नमुन्यावर) असतो, वाळूत त्याचा ठसा पडतो आणि बीड ओतलं की तो आकडा ब्लॉकच्या अंगावर उठून येतो. पॅटर्न चालू आहे तोवर हा आकडा बदलत नाही. तारीख मात्र रोजची, म्हणून तिच्या छोट्या पट्ट्या पॅटर्नला स्क्रूने जोडलेल्या असत. नीट बघितलंत तर कित्येक ब्लॉकवर तारखेच्या शेजारी स्क्रूच्या डोक्याची चकती आणि तिच्यातली खाचसुद्धा उमटलेली दिसते. उद्यमनगरात आम्हीही हीट नंबरच्या (भट्टीतल्या प्रत्येक ओतणीच्या क्रमांकाच्या) पट्ट्या अशाच बदलायचो. एखादा कामगार घाईत पट्टी तिरकी बसवायचा, आणि त्या दिवसाचं सगळं ओतकाम तिरक्या आकड्याचं निघायचं. डेट्रॉइट काय आणि कोल्हापूर काय, शिफ्ट संपायच्या वेळी माणसं सारखीच असतात. त्यामुळे मूळ ब्लॉकवरचा वाकडा आकडा बघून लगेच शंका घेऊ नका.

कास्टिंग नंबर म्हणजे पार्ट नंबर नाही. एकाच ओतकामातून वेगवेगळी इंजिनं निघतात. शेव्हरोलेचा ३९७००१० हा ब्लॉक घ्या. कॅमारो झेड/२८ चं गाजलेलं ३०२ इंजिन १९६९ ला यातून निघालं आणि साधं ३५० सुद्धा यातूनच निघालं. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हींचा चार इंच, फरक क्रँकच्या स्ट्रोकमध्ये (पिस्टनच्या धावेत). शिवाय हा ब्लॉक सत्तरच्या दशकातही ओतला जात होता आणि तारखेत सालाचा शेवटचा एकच आकडा असतो. म्हणजे ‘सी १४ ९’ वाचून १४ मार्च १९६९ म्हणून उड्या मारू नका, ते १९७९ चंही असू शकतं. १९७९ च्या एखाद्या साध्या गाडीचा ब्लॉक उचलायचा आणि १९६९ च्या झेड/२८ मध्ये बसवायचा, हा या धंद्यातला जुना खेळ आहे.

खोलगट आकडे नंतरचे, पंच मारून ठोकलेले. शेव्हरोलेत हे दोन गट असतात आणि दोन वेगळ्या गावांत मारलेले असतात. पहिला इंजिनच्या कारखान्यात. उदाहरणार्थ ‘व्ही०३१४डीझेड’: व्ही म्हणजे मिशिगनमधलं फ्लिंट, १४ मार्चला इंजिन जुळलं, आणि डीझेड म्हणजे १९६९ चं ३०२. मोठ्या ब्लॉकचं (३९६, ४५४ सारखं) इंजिन असेल तर सुरुवातीला टी, म्हणजे टोनावांडा. दुसरा गट गाडीच्या कारखान्यात, तिथे व्हीआयएनचा तुकडा मारायचे. दोन कारखाने, दोन माणसं, पंचांचे दोन संच. म्हणून दोन्ही गटांची अक्षरं एकाच वळणाची, एकाच खोलीची आणि ओळीत शिस्तीने उभी दिसली की माझ्या भुवया वर जातात. खऱ्या गाडीत व्हीआयएनचा तुकडा बऱ्याचदा तिरपा असतो, एखादा आकडा अर्धवट उमटलेला असतो.

पण आकड्यापेक्षा आकड्याखालची जमीन बघा. पुढच्या बाजूला, चालकाशेजारी बसणाऱ्याच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या लगेच पुढे अंगठ्याएवढी रुंद सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनवर कापला जायचा आणि त्या कापाच्या बारीक समांतर रेषा पॅडवरही पुढून मागे गेलेल्या दिसतात. नंबर त्यानंतर ठोकला जाई, म्हणून रेषा आकड्याच्या काठापर्यंत येतात आणि पलीकडे पुढे चालू राहतात. कोणी जुना नंबर घासून काढला की या रेषाही जातात. मग तो सँडपेपरने नकली रेषा ओढतो. त्या कधी वळतात, कधी काठाशी दाट होतात, कधी आकड्याच्या खड्ड्यातही उतरतात. कारखान्याची रेषा खड्ड्यात उतरूच शकत नाही, कारण खड्डा नंतर पडला.

बघायची रीत साधी आहे. पॅडला वायरब्रश किंवा सँडपेपर अजिबात लावायचा नाही. ब्रेक क्लीनर फवारायचा, सुती फडक्याने टिपायचं आणि टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ पॅडला टेकवून धरायचा. आडव्या उजेडात सगळं बोलकं होतं. मग पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासायची. त्या ठशात रेषा आणि आकडे दोन्ही येतात आणि घरी जाऊन भिंगातून सावकाश बघता येतं.

उठावाची तारीखही बनवतात. जुना आकडा घासून तिथे इपॉक्सीचा आकडा चिकटवतात, वर इंजिनचा नारिंगी रंग मारतात. त्याच्या भोवतीचा पृष्ठभाग वाळूच्या दाण्यासारखा खरखरीत न राहता गुळगुळीत लागतो. रंग काढायचं औषध थोडं लावलं की इपॉक्सी मऊ पडते. बिडाला काही होत नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. पॅड कोरा असणं हा गुन्हा नाही. इंजिन उघडून दुरुस्त करताना मशीनवाला ब्लॉकचा माथा पुन्हा सपाट करतो आणि त्यात नंबर उडतो. त्या काळी त्याची कोणी फिकीर केली नाही. तसंच ‘सीई’ ने सुरू होणारा ठसा दिसला तर तो शेव्हरोलेनेच बदली दिलेला ब्लॉक असतो. हे दोन्ही प्रामाणिक ब्लॉक आहेत. मला कोरा पॅड नकली पॅडपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): माझी १९६९ ची फोर्ड मस्टँग माक १, इंजिन ४२८ कोब्रा जेट. सिलिंडर हेडवर ‘सी८ओई-एन’ आहे. गाड्यांच्या मेळाव्यात एकाने सांगितलं की सी८ म्हणजे १९६८ आणि ओ म्हणजे फेअरलेन (फोर्डचीच दुसरी गाडी), त्यामुळे हेड दुसऱ्या गाडीचं आहे. खरं का?

उत्तर: अर्धं खरं, म्हणून जास्त त्रासदायक. सी म्हणजे साठचं दशक, ८ म्हणजे १९६८, ओ म्हणजे फेअरलेन घराणं, ई म्हणजे इंजिन विभाग, इथपर्यंत तो बरोबर. पण हे साल भाग कधी आखला त्याचं आहे, कधी ओतला त्याचं नाही. कोब्रा जेट १ एप्रिल १९६८ ला बाजारात आलं, त्याच्या हेडचं आरेखन त्याच वर्षाचं आणि तेच पुढे चालू राहिलं. तुमच्या गाडीवर सी८ओई-एन हेच हवं. सी९ दिसलं असतं तर मला शंका आली असती.

भाग ओतला कधी, यासाठी वेगळी तारीख शोधा. फोर्डमध्ये साल आधी, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस: ९सी१४ म्हणजे १४ मार्च १९६९. फोर्ड महिन्यांत आय हे अक्षर वापरत नाही, त्यामुळे डिसेंबर एम वर जातो. शेव्हरोलेची सवय असलेले लोक इथे हमखास ठेचकाळतात.

तुम्हाला मात्र फार खटपट करायची गरज नाही. फोर्डचा व्हीआयएन इंजिन सांगतो. पाचवं अक्षर आर असेल तर रॅम एअरवालं (बॉनेटवरून थेट बाहेरची हवा घेणारं) ४२८ कोब्रा जेट, क्यू असेल तर रॅम एअरशिवायचं. दारावरच्या पाटीवर बॉडीचा कोड ६३सी असेल तर माक १. पुढचे फेंडर कधी काढलेत तर आतल्या पत्र्यावरही व्हीआयएन ठोकलेला सापडेल, तो डॅशवरच्याशी ताडून बघा. १९६७ पासूनच्या फोर्डच्या नोंदी केव्हिन मार्टी यांच्याकडे आहेत आणि त्यांचा ‘मार्टी रिपोर्ट’ मागवला की गाडी कोणत्या रंगात, कोणत्या गिअरबॉक्ससह, कोणत्या डीलरकडे गेली ते छापून येतं. मेळाव्यातल्या त्या गृहस्थांना एक प्रत द्या.

प्रश्न (ट्रॉय, मिशिगन): यांनी १९७० ची प्लिमथ रोडरनर आणून गॅरेजमध्ये सगळी सुटी करून ठेवली आहे. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये उंदरांनी कुरतडलेला, तेलकट, आकड्यांचा एक कागद निघाला. मी कचऱ्यात टाकणार होते, यांनी घर डोक्यावर घेतलं. एवढं काय आहे त्यात?

उत्तर: वहिनी, या वेळी त्यांची बाजू घ्यावी लागतेय. तो ब्रॉडकास्ट शीट असणार. कारखान्यात लाइनवरच्या प्रत्येक माणसाला या गाडीत काय बसवायचं हे त्या कागदावरून कळायचं आणि काम झालं की तो कोणीतरी सीटमध्ये खुपसून द्यायचा. त्याला गाडीचा सातबारा समजा. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, रंग, रेडिओ, सगळं त्यावर असतं.

ओढू मात्र नका, फाटेल. सीटचं कापड ज्या तारेच्या कड्यांनी बांधलंय ती कडी पकडीने सोडवा आणि कागद स्प्रिंगांसकट मोकळा होऊ द्या. ओला असेल तर सावलीत सुकवा, दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर वजन ठेवा. आधी फोटो काढा. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने उरलीसुरली शाईही जाते. यांनी आधीच लॅमिनेशनवाल्याचा पत्ता शोधून ठेवला असेल, तर मात्र तुम्ही घर डोक्यावर घ्या.

मग त्यावरचा व्हीआयएन गाडीच्या व्हीआयएनशी जुळवा. कारखान्यातल्या घाईत एका गाडीचा कागद दुसऱ्या गाडीत जाणं नेहमीचंच होतं, त्यामुळे नाही जुळला तर लगेच विकणाऱ्याला दोष देऊ नका. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लरचं एक बरं आहे, व्हीआयएनचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. रोडरनरमध्ये आरएम२३ नंतर एन असेल तर ३८३, व्ही असेल तर तीन कार्ब्युरेटरचं ४४०, आर असेल तर ४२६ हेमी. आर असेल तर मला घरी चहाला बोलवा. त्यापुढे वर्षाचा आकडा आणि मग कारखाना, ए म्हणजे डेट्रॉइटमधला लिंच रोड, जी म्हणजे सेंट लुइस. डाव्या फेंडरच्या आत दोन स्क्रूंनी लावलेली छोटी पाटीही जपा. तिच्यावरचे कोड खालच्या ओळीपासून वर वाचायचे असतात, हे न कळल्यामुळे लोक डोकं धरून बसतात.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): १९६९ ची कॅमारो झेड/२८, नॉरवूडच्या कारखान्यातली, बॉडीची तारीख ०२बी. कार्ब्युरेटर होली कंपनीचा, लिस्ट (मॉडेल) नंबर ४०५३, डीझेड, पण तारीख ‘९४३’. एक विक्रेता जानेवारीचा होली देतो म्हणतो, किंमत ऐकून घाम फुटला. घेऊ का?

उत्तर: होलीच्या तीन आकड्यांत पहिला साल, दुसरा महिना, तिसरा आठवडा. तुमचा एप्रिलचा तिसरा आठवडा आहे आणि गाडी फेब्रुवारीतली. म्हणजे कार्ब्युरेटर योग्य मॉडेलचा, पण या गाडीच्या जन्मानंतरचा. वॉरंटीत बदलला असेल किंवा आधीच्या मालकाने काउंटरवरून घेतला असेल. ही गाडी ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या ३०५ घनइंचांच्या मर्यादेत बसावी म्हणून बनवलेली, लोकांनी ती तशीच दामटली. कार्ब्युरेटर टिकला नाही याचं नवल नको.

तुम्ही गाडी परीक्षकांपुढे उभी करणार असाल, तर तारखेचा भाग शोधणं समजू शकतो. चालवणार असाल तर अजिबात घेऊ नका. आणि घेतलाच तर एवढं बघा, जुन्या कार्ब्युरेटरच्या गळ्यावरचे आकडे घासून नवे मारणारे लोक आहेत आणि इथे ब्लॉकसारख्या ब्रोचच्या रेषा मदतीला येत नाहीत. एवढ्या पैशात पूर्ण इंजिनचं काम निघेल.

बाकीच्या भागांच्या तारखा वाचताना प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. डेल्को-रेमीच्या अल्टरनेटरवर ९सी१० म्हणजे १० मार्च १९६९. रोचेस्टर क्वाड्राजेटवर ०७३९ म्हणजे १९६९ चा त्र्याहत्तरावा दिवस, म्हणजे तोही १४ मार्च. प्लगच्या वायरींवर ‘१-क्यू-६९’ छापलेलं असतं, वर्षाची पहिली तिमाही. मुन्सी गिअरबॉक्सवर पी, मग साल, मग महिन्याचं अक्षर, आणि इथे अक्षरांची माळ वेगळी आहे: मे पर्यंत सरळ ए ते ई, आणि जून एकदम एच. पुढे जुलै के, ऑगस्ट एम, अशी उडत जाते. शेवटच्या अक्षरावरून गिअरबॉक्सचा प्रकार कळतो, ए म्हणजे एम२०, बी म्हणजे एम२१, सी म्हणजे एम२२. गाडीच्या तारखेच्या आधीच्या काही आठवड्यांत ही सगळी मंडळी बसत असतील, तर ती एकत्रच जन्मली असं धरायला हरकत नाही. सगळ्यांची तारीख एकाच दिवसाची निघाली तर मात्र मला संशय येईल, कारखान्यात इतका नीटनेटकेपणा कधीच नव्हता.

प्रश्न (ठाणे): आजोबांची प्लिमथ घरी उभी आहे, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळणी झालेली. तुम्ही सांगता तसे नंबर वाचून तिचे मूळ भाग ओळखता येतील का?

उत्तर: ती मसल कार (वरच्यांसारखी दमदार इंजिनाची अमेरिकन गाडी) नाही आणि वर दिलेली कोष्टकं तिला लागू करू नका. ती अमेरिकेतल्या कारखान्यांतून निघालेल्या साठच्या दशकातल्या आणि १९७० च्या गाड्यांची आहेत, तुमची जुळणी कुर्ल्याची. पण पाहायची रीत तीच. बिडाच्या भागांवर उठावाचा नंबर, ठोकलेला नंबर, पाट्या, काचेच्या कोपऱ्यातला शिक्का, सगळ्यांचे फोटो आडव्या उजेडात काढा. जुनं आरसी बुक, विम्याचे कागद, आजोबांची दुरुस्तीची बिलं एका फायलीत लावा. इंजिन कधी बदललं असेल तर आरसीवर तशी नोंद असायला हवी, तो नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर आधी ताडून घ्या. आणि पेंटरला गाडी द्यायच्या आधी फायरवॉलवरची पाटी मास्किंग टेपने झाका. रंगाखाली गेलेली पाटी वाचायला मला विमानाने यावं लागेल.